शेजारच्या सीटचा पट्टा

३ जून

चि. पान्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या ताईला जाऊन काल चार महिने झाले. माझी प्रकृती ठीक आहे. टिकली रोज कामावरून परतताना डोकावते आणि मी जेवलो की नाही हे मला न विचारता ओट्यावरच्या भांड्यांवरून ताडते. लेक आईवर गेली आहे. फोनवर मला हल्ली धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

टिकलीकडून असे कळले की, आपली अपघातात सापडलेली विजेची गाडी तू विमा कंपनीच्या लिलावातून घेतलीस आणि दुरुस्त करून तिला देणार आहेस. ज्या गाडीत आई गेली ती लेकीने चालवावी, हा विचार मला सहन होत नाही. गाडीचे सुटे भाग करून विकावेस, अशी माझी विनंती आहे.

ते शक्य नसेल तर निदान एवढे कर. चालकाशेजारच्या सीटचा पट्टा आणि त्याचे बक्कल न उघडता, न तपासता भंगारात दे व नवे बसव. गाडीच्या संगणकात अपघाताची नोंद राहते असे ऐकतो. तीही पुसून टाकावी. कारण विचारू नये.

सौ. ला व मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच राहावा.

तुझा,
भाऊजी

९ जून

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी मोठ्यानं वाचलं आणि बायको हसत सुटली. स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा हे ताईला विचारणारे तुम्ही, आता मला गॅरेजमध्ये येऊन बक्कल बदलायला शिकवणार का, असं विचारत होती. रागावू नका. चार महिन्यांत पहिल्यांदा तुमच्या नावानं घरात कुणी हसलं.

गाडी तोडणार नाही. टिकली स्वतः आली होती. स्टीअरिंगवर हात ठेवून म्हणाली, मामा, ही परक्याला देऊ नकोस. ताई बावन्नाव्या वर्षी या गाडीवर चालवायला शिकली. माझ्या गॅरेजचं फाटक तिनं दोनदा वाकवलं आणि दोन्ही वेळा फाटकच चुकीच्या जागी आहे म्हणून मला झापलं. अशी गाडी मी तोडू?

बॅटरीला धक्काही लागलेला नाही. पुढचा भाग बदलतो. खरं काम एअरबॅगचं. दोन्ही फुगे उघडून लोंबतायत. गाडीची वीज तोडून, थोडा वेळ थांबून, मगच मी हात घालतो. त्यातला उरलेला दारूगोळा कधी उडेल सांगता येत नाही. फुगे, दोन्ही बेल्ट, पुढचे सेन्सर आणि त्यांचा काँप्युटर, सगळं कोरं येणार. बाजारात काही जण फुग्याच्या जागी एक बारकासा तुकडा जोडून डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा विझवतात आणि दुरुस्ती झाली म्हणून सांगतात. असला धंदा मी करत नाही, तुम्हाला माहीत आहे.

पण एक कोडं पडलंय. जुना काँप्युटर काढण्याआधी मी त्यातली नोंद वाचली. अपघाताच्या वेळी दोघांचेही बेल्ट लावलेले होते, असं तो म्हणतो. तुमचा बेल्ट बाहेर ओढलेल्या अवस्थेत अडकलाय, ताण बसून चुरगळलाय. ताईचा बेल्ट मात्र दाराच्या खांबात पूर्ण गुंडाळलेला, जागच्या जागी घट्ट अडकलेला, नव्यासारखा गुळगुळीत. काँप्युटर म्हणतो लावला होता, बेल्ट म्हणतो मी हललोच नाही. कुणीतरी एक खोटं बोलतंय. तुम्ही शेजारी होतात. ताईनं बेल्ट लावला होता ना? ती तर उभ्या गाडीतसुद्धा लावायची.

उत्तर लवकर द्या. लोभ करा, आणि जेवत जा.

तुमचा,
पान्या

१४ जून

चि. पान्या यास,
अ. उ. आ.

तुझे पत्र मिळाले. न तपासण्याविषयी स्पष्ट लिहूनही तू तपासलेस, याचे मला वाईट वाटले.

तुझ्या ताईने पट्टा लावला होता. पोलिसांनाही मी तसाच जबाब दिला आहे. समोरून टेम्पो एकदम आडवा आला, मी ब्रेक दाबला, पुढचे मला आठवत नाही. पट्टा गुंडाळलेला का आढळला हे मी सांगू शकत नाही. यंत्रे माणसांनी केलेली असतात; त्यांत दोष राहू शकतो. बक्कलात किंवा तारांत काही बिघाड असेल. या विषयावर यापुढे पत्रव्यवहार नको.

इकडे उकाडा फार आहे. टिकलीने तिच्या आईची कपाटे आवरायला घेतली होती. मी तिला थांबवले.

लोभ असावा.

भाऊजी

२० जून

ती. भाऊजींना,
सा. न.

विषय नको म्हणालात, तरी लिहितोय. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

तारांत बिघाड असेल, हे वाक्य वाचलं आणि मला माझंच एक जुनं काम आठवलं. तुम्हाला आठवतं का बघा. अपघाताच्या दोन महिने आधी ताईच्या गाडीत पाण्याचा कॅन कलंडला होता. गालिचा वाळवायला तिची सीट मी काढली. सीटखाली एक पिवळा कनेक्टर असतो, बक्कलाची आणि फुग्याची खबर त्यातूनच काँप्युटरला जाते. तो आणि बक्कल मी सोडवलं आणि मीच परत जोडलं. दुसऱ्या कुणाचा हात तिथे लागलेला नाही.

आता ती सीट पुन्हा काढून बसलोय. बक्कल चाळीस वेळा उघडून लावून पाहिलं. तार इंच इंच तपासली. काही सापडत नाही, आणि तेच वाईट आहे. काही सापडलं असतं तर निदान चूक कळली असती. फुगा बेल्टच्या भरवशावर उघडतो, भाऊजी. माणूस बेल्टनं धरलेला असेल तर फुगा झेलतो. मोकळा असेल तर ब्रेकबरोबर आधीच पुढे जातो आणि फुगा त्याच्यावरच फुटतो. ताईचा बेल्ट माझ्या हातच्या जोडणीमुळे सुटला असेल, तर मीच...

मंगळवारपासून एअरबॅगची कामं घेणं बंद केलंय. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. बायको म्हणते, काहीतरी बोला. तिला काय सांगू? रविवारी टिकली गाडी बघायला येणार आहे, तेव्हा तिला सगळं सांगणार. तुझ्या मामाच्या हातून झालं, असं. मग ती मला मामा म्हणो की न म्हणो. ताईनं मला पान्या हे नाव दिलं, कारण लहानपणी माझ्या हातात सदा पाना असायचा. तोच हात आता मला नकोसा झालाय.

तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिलं. माफ करा, असं लिहायचंही धाडस होत नाही.

पान्या

२२ जून, शनिवार

चि. पान्या,

हे पत्र तुझ्या गॅरेजमध्ये आजच पोचावे म्हणून एका रिक्षावाल्याच्या हाती देत आहे. पुढचे वाक्य वाचल्यावर बाकीचे वाचले नाहीस तरी चालेल: तुझ्या जोडणीत कोणताही दोष नव्हता. तुझ्या ताईने पट्टा लावला नव्हता, आणि तो न लावण्याची सोय मी केली होती.

तुला ठाऊक आहे, तिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. टाके दाखवायला आम्ही दवाखान्यात चाललो होतो. पट्ट्याची खालची बाजू टाक्यांवर येत असे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की, पट्ट्याखाली लहानशी उशी ठेवा, पण पट्टा काढू नका. पहिल्या दोन फेऱ्यांना आम्ही तसेच केले. तरीही तिला रुतत असे. मग ती पट्टा सैल करून काढून ठेवी, आणि गाडी टुणटुण वाजू लागे. तिला त्या आवाजाचे काही वाटत नसे. मला तो सहन होत नसे.

सुट्या भागांच्या दुकानात एक क्लिप मिळते. पट्ट्याच्या टोकाला असते तशीच धातूची जीभ, फक्त तिला पट्टा नसतो. ती बक्कलात खुपसली की पट्टा लावला आहे अशी गाडीची समजूत होते आणि आवाज थांबतो. मी ती विकत आणली. तिने दोनदा नको म्हटले. पान्याला कळले तर तो या वयातही माझे कान उपटेल, असे ती हसत म्हणाली. बारा मिनिटांचा तर रस्ता आहे, असे मी उत्तर दिले आणि क्लिप माझ्या हातांनी बसवली.

म्हणजे संगणक खोटे बोलला नाही आणि पट्टाही बोलला नाही. परीक्षा विभागात मी चौतीस वर्षे काढली. मुलांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढल्या, त्यांच्या आयुष्याची वर्षे वाया जातील असे अहवाल लिहिले, आणि तेव्हा माझी लेखणी अडखळली नाही. अपघातानंतर चौथ्या दिवशी पोलिसांच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीतून सामान आणायला मी गेलो. पर्स, चष्मा आणि रिपोर्टांची फाईल, अशा तीन वस्तूंच्या पावतीवर सही केली. चौथी वस्तू पावतीत नाही. ती मी बक्कलातून काढून खिशात घातली. सोबत पाठवत आहे.

तुझे नववीतले पत्र तिच्या कपाटात सापडले. शाळा सोडून गॅरेजात जायचे आहे, भाऊजींना तू सांग, असे त्यात होते. तिने मला सांगितले होते आणि मी विरोध केला होता. ज्या हातांवर तेव्हा मी विश्वास ठेवला नाही, त्यांच्या माथी आता माझा गुन्हा मारत होतो. तू रविवारी टिकलीसमोर उभा राहिला असतास आणि मी गप्प बसलो असतो. मी तसा बसू शकलो असतो, हे मला या आठवड्यात कळले.

आज सकाळी टिकलीला सर्व सांगितले. तिने चहाचा कप धुऊन पालथा घातला आणि ती निघून गेली. दुपारी पोलीस ठाण्यात दुरुस्त जबाब लेखी दिला.

लोभाविषयी या पत्रात काही लिहीत नाही.

भाऊजी

२ जुलै

भाऊजी,

तुमचं पाकीट मिळाल्यावर दोन दिवस गॅरेज उघडलं नाही. तुम्हाला लिहायला तीनदा बसलो, तिन्ही कागद चुलीत घातले. त्यांत काय होतं ते विचारू नका.

तिसऱ्या दिवशी ताईच्या सीटवर पाण्याचा भरलेला कॅन ठेवला. गाडी बोंबलायला लागली. तुमची क्लिप बक्कलात घातली. टक्. गप्प झाली. कॅन सुखरूप आहे याची तिची खात्री पटली.

मला तुमचा राग आलाय. तो किती दिवस पुरेल, माहीत नाही. पण हात परत मिळाले. ते तुम्ही द्यायलाच हवे होते, तरी द्यायला तुम्हाला काय लागलं असेल ते कळतं.

टिकली परवा रविवारी आली. मागच्या सीटवर बसून पोटभर रडली. मग डोळे पुसून विचारलं, नवं बक्कल कुठलं? मी तिच्याच हातून बसवून घेतलं. फुगे, बेल्ट, सेन्सर, काँप्युटर, सगळं कोरं आहे. गाडी चालू केली, एअरबॅगचा दिवा लागला, स्वतःची तपासणी करून आपोआप विझला. फसवून विझवलेला नाही. जुना काँप्युटर पुसलेला नाही, तो टिकलीनं मागून नेला.

येत्या रविवारी दहा वाजता या. ती चालवणार आहे. शेजारी कुणी बसायचं ते तिनं ठरवलंय.

लोभाचं पुढचं पुढे बघू.

पान्या

८ जुलै

चि. पान्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फाटकापाशी उभा राहिलास आणि जवळ आला नाहीस, ते योग्यच केलेस. तिथून तुला दिसले नसेल ते कळवतो.

मी तिच्या आईच्या जागेवर बसलो. टिकलीने गाडी सुरू केली, स्वतःचा पट्टा लावला आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर पाहत राहिली. माझा पट्टा लावलेला नव्हता, म्हणून तो आवाज सुरू झाला. तिने मला काही सांगितले नाही. गाडी पुढेही नेली नाही. तो आवाज मी तुझ्या ताईच्या शेजारी बसून एकदाही पुरता ऐकला नव्हता, काल ऐकला. तो असह्य नाही. स्वयंपाकघरातून कुणी पुन्हा पुन्हा हाक मारावी, तसा आहे.

मग मी पट्टा ओढला. बक्कल सापडेना. टिकलीने हात पुढे केला नाही, ती थांबली. अखेर ते बसले. आवाज बंद झाला, आणि तिने गाडी फाटकातून, कुठेही न घासता, बाहेर काढली.

दवाखान्याच्या वळणापर्यंत जाऊन आम्ही परतलो. जायला बारा मिनिटेच लागली.

आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी लोभ असावा असे मी सवयीने लिहीत आलो. आज विचार करून लिहितो: होईल तेव्हा, तुझा लोभ असावा.

तुझा,
भाऊजी