बर्फातली पाखरं आणि चार प्लॅन

आप्पा, आपल्या गोडादऱ्याच्या घरात आता प्राण्यांचे माहितीपट हवे तेव्हा लावता येतात. फक्त ते कुठून आणि कसे घ्यायचे, हे ठरवायला तुमच्याइतका धीर लागतो. मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि तिने पहिली मागणी केली, "माले त्या बरफमधला पाखरे दखाड." तुम्ही गेल्यापासून तिने टीव्हीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मी लगेच कामाला लागले.

विज्ञान शिकवते ना मी, म्हणून कोऱ्या उत्तरपत्रिकेवर तक्ता आखला. मोबाईलच्या रिचार्जबरोबर माहितीपटांचं एक ॲप फुकट मिळत होतं, पण चालणार फक्त मोबाईलवर. मायने फोन नाकाशी धरला आणि विचारलं, "ह्या मुंग्या शेतस का?" केबलवाला त्याच्या गुजरातीत म्हणाला, "बेन, आखुं पॅक लई लो ने, क्रिकेट पण आवशे." घेतलं अख्खं पॅक, तर त्यातल्या माहितीपटाच्या चॅनेलवर दोन दिवस नुसती जहाजं बांधत होते. कडोदऱ्याच्या भावाने मोठ्या मनाने स्वतःचा पासवर्ड दिला. पण त्याच्या प्लॅनमध्ये एका वेळी दोनच टीव्ही चालतात आणि त्याच्या घरी दोन पोरं आहेत. पडद्यावर सील प्राण्याने तोंड उघडलं की पोरं टीव्ही लावणार आणि आम्ही बाहेर. आठवडाभर फुकट बघायचीही सोय होती, मात्र वेळेत बंद करायचं लक्षात ठेवावं लागतं, आणि मी गॅसवर दूध ठेवून शाळेत जाणारी बाई. शेवटी हे चारही सोडून वर्षाचा प्लॅन थेट घेतला, टीव्हीला मागून ॲप चालवणारी ती काडी लावली. हिंदी निवेदन आहे, या मुद्द्याला तक्त्यात दोन गुण जास्त दिले होते.

तुम्हाला निवेदन कधी लागलंच नाही. कापडाच्या लूमच्या खडखडाटाने कान गेलेले, म्हणून लिंबायतच्या जुन्या खोलीत रविवारी दुपारी तुम्ही टीव्हीचा आवाज बंद करून स्वतःच सांगायचात. शेजारपाजारचे उंबऱ्यात बसून ऐकायचे. तरस म्हणजे मुकादम, कासव म्हणजे पाळीला उशीर झालेला कारागीर. त्या वर्षी आजी आजारी म्हणून माय धुळ्याकडे माहेरी गेलेली, माझ्या वेण्या तुम्ही घालायचात, एक कानावर, एक मानेवर. आणि पडद्यावर ती बर्फातली पाखरं. तुम्ही सांगताय, "बायको माहेरले गयी. आते हाऊ पायवर अंडं लिसन उभा. हालत बी नही." पाचवीतली मी सगळ्यांसमोर उठून म्हणते, "आप्पा, चूक आहे. अंडं आईच उबवते. पुस्तकात दिलंय." सगळे हसले. तुम्ही रागावला नाहीत. "आसं का? मंग पुस्तकच खरं," म्हणालात आणि आवाज वाढवलात, जो तुम्हाला ऐकूच येत नव्हता. त्यानंतर तुम्ही कधीच काही सांगितलं नाहीत, माय परतल्यावर तिला त्या पाखरांची गोष्ट शेजारणींकडूनच कळली, आणि उंबऱ्यातली माणसंही हळूहळू यायची थांबली.

काल दुपारी माय आणि मी बसलो. निवेदक भारदस्त आवाजात सांगू लागला की पेंग्विनची मादी समुद्रावर निघून जाते आणि नर दोन महिने उपाशीपोटी, पायांवर अंडं घेऊन उभा राहतो. माझ्या हातातला चहा निवला. माय शांतपणे म्हणाली, "आवाज बंद कर व. तुना बाप बराबर सांगे." मी बंद केला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मंग? आते तू सांग ना." मी घसा खाकरला आणि सुरुवात केली, बायको माहेरी गेलीय.

वर्षभराचं हिंदी निवेदन तसंच पडून आहे. हे पत्र तुमच्याकडे कुठल्या मार्गाने पाठवायचं याचा तक्ता काही आखता येत नाही, म्हणून ते त्या काडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवते. आणि एक सांगायचं राहिलं. त्या पुस्तकात कोंबडीचं चित्र होतं, आप्पा. तुमच्या पाखरांबद्दल त्यात एक ओळही नव्हती, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. मला फक्त माझी माय परत हवी होती.