दौंडचा बाजार पाडला, त्याबद्दल

सर,

दौंडचा भाजीबाजार गेल्या महिन्यात पाडला. पाडावा लागेल असं लेखी मीच दिलं होतं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवतो, पण चेहरा आठवायला फोटो काढून बघावा लागतो. तरी ही बातमी तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवी असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

मी तुमच्याकडे आले त्याच्या कितीतरी आधी तुम्ही तो बाजार बांधला होता. उघडं काँक्रीट, कमानीसारखी उंच छपरं आणि वर फटी. गरम हवा वरच्या वर निघून जायची. ओट्यांची उंची ठरवायला तुम्ही भाजीवाल्यांच्या शेजारी पोत्यावर बसून राहायचात, हे मला तिथल्या बायकांनीच सांगितलं. बसलेलीचा हात आणि उभ्या गिऱ्हाइकाची पिशवी एका पातळीला यावी, एवढंच तुम्हाला हवं होतं. माझे वडील दौंडला रेल्वेत होते. आईचा हात धरून मी लहानपणापासून त्या बाजारात भाजी आणली, पण त्या ओट्यांचा कुणी असा विचार केला असेल हे मला ठाऊक नव्हतं. ते कळलं तेव्हा मी आर्किटेक्चर शिकत होते. वर्गातली बाकीची मंडळी पुण्या-मुंबईच्या मोठ्या ऑफिसांत गेली आणि मी शिरूरला, पेंडीच्या दुकानावरच्या तुमच्या दोन खोल्यांत आले. आमच्या वस्तीतल्या लोकांना वाटलं, पोरीला पुण्यात काम मिळालं नाही.

दुपारी वीज गेली की ऑफिसात अंधार व्हायचा, मग आपण मागच्या तुमच्या स्वयंपाकघरात ड्रॉइंग बोर्ड नेऊन काम करायचो. तिथं खिडकी मोठी होती. काकू एका बाजूला भाकऱ्या थापतायत, आपण दुसऱ्या बाजूला जिन्याच्या पायऱ्या मोजतोय. पहिल्याच दिवशी काकूंनी माझं ताट तुमच्या ताटाशेजारी वाढलं. रविवारी दौंडला घरी जाऊन आईला नव्या कामाचं सांगायला लागले तर तिनं आधी तेच विचारलं, ताट कुठं ठेवलं. मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिनं काकूंसाठी शेंगदाण्याची चटणी दिली. तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही फक्त चटणी तिखट आहे म्हणालात आणि दोनदा वाढून घेतलीत.

एकदा तुम्ही मला इनामगावला, उत्खननात हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडली तिथं नेलंत. मी पुस्तकात वाचलं होतं, म्हणून काहीतरी बघायला मिळेल अशा आशेनं गेले. नदीकाठी पांढरीच्या मातीचा उंचवटा होता आणि शेजारी ऊस. तुम्ही टाचेनं माती उकरत म्हणालात, इथं राहिलेल्या माणसानं आधी सावली केली असेल, भिंत नंतर. मग उन्हात उभं राहून शिरूरच्या वाचनालयाचा व्हरांडा भिंतीपासून किती पुढं काढायचा यावर बोलत राहिलात. तुमचं सगळं काम त्या एका वाक्यात होतं असं मी आता विद्यार्थ्यांना सांगते. त्या दिवशी मात्र मला फक्त तहान लागली होती.

मग आमच्या वस्तीतल्या सभागृहाचं काम आलं. नकाशे मी काढले. काळ्या दगडाच्या भिंती, वर उघडं काँक्रीट, कुठंही गिलावा नाही, रंग नाही. दाखवायला आपण दौंडला गेलो. वस्तीतली माणसं जमली. वयानं सगळ्यांत मोठे होते ते आप्पा, माझ्या वडिलांबरोबर रेल्वेत काम केलेले. त्यांनी नकाशातल्या भिंतीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "साहेब, आमच्या घरांच्या भिंती जल्मभर उघड्याच हायती. गिलाव्याला कवा पैसाच उरला न्हाई. हितं तरी गिलावा लागू द्या. आन् पांढरा रंग." तुम्ही त्यांना दगड का उघडा ठेवायचा ते समजावलंत. चांगलं समजावलंत. आप्पा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, व्हय, पण गिलावा पायजेच. तेव्हा मी मधेच बोलले, की सर, त्यांचं बरोबर आहे.

परतीच्या एसटीत बसलो, न्हावरं आलं. मग विचारलंत, "तू तिथली. हे तुला आज कळलं का?"

मी म्हटलं, नाही, आधीपासून वाटत होतं.

"मग नकाशा काढताना का नाही बोललीस? खोडायला रबर तुझ्या हातात होतं. चारचौघांत माझ्या विरुद्ध बोललीस याचं काही नाही. उशिरा बोललीस."

इतक्या वर्षांत तुम्ही मला एवढंच एकदा रागावलात. सभागृहाला गिलावा झाला. त्यासाठी तुम्ही खिडक्या पुन्हा काढल्यात, कारण पांढऱ्या भिंतीला खोल सावली हवी म्हणालात. उद्घाटनाला आप्पांनी तुमचा हात धरून तुम्हाला सगळ्या भिंतींजवळून फिरवलं. पण ऑफिसात तुमच्या कामांचे फोटो लावलेले होते, त्यांत सभागृहाचा फोटो तुम्ही कधी लावला नाहीत. मी बरेच महिने वाट पाहिली. मला ते लागलं होतं.

पुढं गावोगावच्या कामांना काचेच्या दर्शनी भिंती हव्या झाल्या आणि तुमच्याकडे कुणी येईनासं झालं, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही गेल्यावर काय काय टिकलं ते सांगते. शिरूरच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर असतात, व्हरांड्यात जागा मिळावी म्हणून सकाळी रांग लागते. सभागृह दर एप्रिलमध्ये, जयंतीच्या आधी पांढरं होतं. छप्पर गळायला लागल्यावर लोकांनी वर पत्रे घातले, ते वाईट दिसतात.

बाजार मात्र आतून गेला होता. काँक्रीटचे पोपडे पडायचे, सळया दिसायला लागल्या होत्या. एक दिवस एका बाईच्या पाटीत ढलपा पडला, ती नुकतीच पाणी प्यायला उठली होती. तपासणीसाठी नगरपालिकेनं मला बोलावलं. वाचवायचाच असं ठरवून मी गेले. खांबावर हातोडी मारली की पोकळ आवाज यायचा. खांबांना नवं काँक्रीट चढवता येईल का, हे पुण्याच्या दोन इंजिनिअरांना दाखवलं. दोघांनी छपराकडे बोट केलं, खांब सावरले तरी ते टिकणार नाही म्हणाले. मग मी लिहून दिलं. पुण्यातल्या तरुण आर्किटेक्टांनी इमारत वाचवायला सह्या गोळा केल्या. त्यांच्यातल्या एका मुलीचा फोन आला, मॅडम, तुम्ही तर सरांकडे शिकलात ना? मी हो म्हटलं. खाली बायका बसतात, एवढंच सांगितलं. ती रडवेली झाली होती. मला तिचा राग आला नाही.

पाडताना मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. छप्पर एका दुपारीत गेलं. भाजीवाल्यांना सध्या पत्र्याची शेड दिली आहे. पाटीत ढलपा पडला ती बाई मला बघून म्हणाली, "म्याडम, नवा बांधा, पण वर तशीच भोकं ठिवा. हितं माणूस उकडून निघतंय." नवा बाजार दुसऱ्याच कुणाकडे आहे. तुमच्या छपराचं ड्रॉइंग मी त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ठेवून घेतलं, पुढं काय करतील ते माहीत नाही.

इथपर्यंत लिहून कागद पर्समध्ये घातले आणि रविवारी काकूंकडे गेले. त्या शिरूरलाच भाचीकडे असतात, डोळ्यांनी आता दिसत नाही. तुम्हाला तर हे पाठवता येत नाही, निदान त्यांना वाचून दाखवावं असं ठरवलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेऊन नेहमीसारखंच विचारलं, "बाजार भरतो का गं?"

मी म्हटलं, भरतो काकू, फार गर्दी असते.