ऐंशी किलोंवर आलो की बोलणार

५ मार्च, बुधवार
राहेल माहेरी शिरूरला जाऊन आठवडा झाला. कारण सापडलं. माझं वजन. ती जायच्या आदल्या दिवशी माझा थोरला भाऊ नोएलदादा पाहुण्यांसमोर तिला म्हणाला, आईनं तुला वळणच लावलं न्हाई. मी गप्प. बोलणारच होतो, पण ब्याण्णव किलोंच्या माणसाला कॉन्फिडन्स कुठून येणार? मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. वजन घटलं की सेल्फ-एस्टीम आपोआप वाढतो. ऐंशीवर आलो की दादाला सुनावायचं, राहेलला घेऊन यायचं. आजपासून लेंटही सुरू, म्हणजे ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ. उपवास दोन्हीकडे धरला जाईल.

७ मार्च
केडगाव स्टेशनपर्यंत चाललो. रिक्षानं परत. वडापाव घेतला, पण चटणी न्हाई घेतली.

१६ मार्च, रविवार
चर्चनंतर दादाकडे जेवण. मटण. त्यानं विचारलं, बायकोचं नाटक संपलं का? उत्तर तयार होतं. पण तोंडात घास. पुन्हा वाढून घेतलं.

९ एप्रिल
पँट सैल! स्वतःच्या हातचं पिठलं कुणालाच जास्त जात न्हाई. दादाकडच्या जॉयसवहिनी म्हणाल्या, शुगर तपासून घ्या. जळतात.

२४ मे
ऐंशी!! राहेलला फोटो पाठवला. निळ्या टिक्स आल्या. म्हणजे बघितला.

२५ मे
दादाकडे गेलो. गाडी पुसत होता. बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाला, ते फडकं दे. दिलं. विचार केला, आधी राहेल, मग दादा. प्लॅनिंगमध्ये क्रम महत्त्वाचा.

१ जून, रविवार
चौफुल्यावरून एसटीनं शिरूर. नवा शर्ट, इन केलेला. राहेलनं जेवायला वाढलं. निरखून बघत म्हणाली, वाळलात. मी अभिमानानं किलो सांगितले. तिनं विचारलं, "दादांना बोललात?"
म्हणालो, आधी तुला न्यायला आलोय.
तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मग म्हणाली, "मी तुमच्या वजनाचं कवा काय बोलले व्हते का?"
मी ताटातली भाकरी संपवली. तिनं आणखी एक भाकरी वाढली. म्हणाली, "खाऊन घ्या. शेवटची गाडी चुकंल."
खाल्ली. गाडी मिळाली.

२ जून
संध्याकाळी दादा आला. ती न्हाई आली व्हय, बरंच झालं, म्हणाला. मी समोरच बसलो होतो. धाप लागली नव्हती, पोट आडवं येत नव्हतं. दादा निवांत चहा पीत होता, थांबून थांबून, म्हणजे मला वेळही भरपूर होता.
त्याला आणखी अर्धा कप ओतला.
तो गेल्यावर मोबाईलवर बघितलं. माझ्या उंचीला खरं तर पंचाहत्तर पाहिजे.