बेतण्याआधीचा हात

प्रिय शहाण्या,

लहानपणी या नावाने हाक मारली की तू खूश व्हायचास. आज होऊ नकोस. मी भडकले आहे, आणि फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. तोंड उघडलं की म्हणतोस, ताई, आधी एक दीर्घ श्वास घे! म्हणून लिहिते आहे. कागद मध्येमध्ये बोलत नाही.

दुकान ठीक चाललं आहे. जुन्या मशीनचा पट्टा बदलला. आई रोज येते, खिडकीपाशी बसून काजबटणं करते. कापड मात्र बेतत नाही. तू येऊन गेलास त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून तिने कात्रीला हात लावलेला नाही.

आठवतं ना, खडूच्या खुणा झाल्या की ती कापडावर तळहात ठेवायची आणि डोळे मिटून म्हणायची, "बेतणारा तू, मी नुसती कात्री धरते." मगच कात्री. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी. कापडाचं दुसरं टोक धरायचं काम तुझं. तू ओरडायचास, "आई, देवाला माप नीट सांग, मागच्या खेपेला बाही आखूड झाली!" आणि तिला इतकं हसू यायचं की पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागायचं.

आणि त्या दिवशी तू दहा दिवसांचं मौन आटपून आलास आणि गिऱ्हाइकासमोर तिला समजावलंस, की देवाला असं म्हणणं म्हणजे भीक आहे. मागणारा आला की 'मी' आलाच. शब्द सोड, श्वास बघ, अहंकार गळून पडेल. अहंकारावर अर्धा तास बोललास, आणि मधूनमधून आमच्या आरशात स्वतःचे केस बघत होतास! खडूचा डबा फेकून मारणार होते. आई एवढंच म्हणाली, "बरं बाबा, तू शिकलेला."

दुसऱ्या दिवशी तिने कापडावर हात ठेवला आणि शब्द अर्ध्यावर सोडून काढून घेतला. तुझं ते श्वासाचंही तिने करून पाहिलं, अगदी मन लावून. मग मला म्हणाली, "आधी त्या वेळी मी नसायचे गं. आता नुसती मीच मी असते."

हे वाचून तरी काही वाटतंय का तुला?

आता बेतते मी. मागच्या आठवड्यात एका मास्तरांचा कोट बेतताना मनात तुझ्याशीच भांडत होते, आणि अर्थात जिंकत होते. पुढचा भाग चार बोटं आखूड कापला. कापड वाया गेलं. दुसरं आणून पसरलं, तर कात्री लावायचा धीर होईना. काही सुचेना, म्हणून आईसारखा तळहात ठेवला आणि तिचे शब्द म्हटले. विश्वास नव्हता, तरी म्हटले. दोन-तीनदा म्हटल्यावर शब्दांच्या मधल्या जागेत श्वास ऐकू यायला लागला. भांडण थांबलं. तू नव्हतास, मीही नव्हते. कापड होतं.

तू दहा दिवस बसून जे शोधलंस ते ती चाळीस वर्षं उभ्याने करत होती, रे. याचाच मला जास्त राग आला. तू साफ चुकला असतास तर किती सोपं झालं असतं! पण श्वासाबद्दल तू खरं बोललास. फक्त, तिच्याकडेही तेच आहे, हे तुला दिसलं नाही.

मी तिला हे सांगितलं. म्हणाली, "तू माझी बाजू घेणारच." माझं तिला पटत नाही. शब्द तुझा लागला आहे, तो तुलाच काढावा लागेल.

रविवारी सकाळी ये, दुकान उघडायच्या आधी. प्रवचन नको. राखाडी लोकरीचं कापड आणून ठेवलं आहे, तुझ्या कोटासाठी. माप आईलाच घेऊ दे. तुझं पोट सुटलंय, हेही तिलाच सांगू दे. मग नेहमीचं टोक धर. तिने तळहात ठेवला की तूही डोळे मीट आणि ती म्हणेल ते तिच्यामागून म्हण. तिला शब्द फुटले नाहीत, तर आधी तू म्हण. तुला पाठ आहेत, मला माहीत आहे.

ते कापड मी बेतणार नाही.

राग गेलेला नाही, तरी तुझीच,
ताई