शेपटीला बांधलेलं लिंबू

कोल्हापूर, मंगळवार

तीर्थरूप जोतीराम मामांना कृष्णातचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? म्हैस व्याली असेल तर खरवस पाठवू नका, सध्या माझ्या घशाखाली काही उतरत नाही. (थोडा पाठवलात तर आई खाईल.) फोनच केला असता, पण मी फोन कानाला लावला की आईला नेमकी तीच खोली झाडायची आठवते. म्हणून पत्र, तेही दुधाच्या टेम्पोवाल्याबरोबर, पाकीट डिंकानं दोनदा चिकटवून.

कॉलेज सोडल्यापासून मी मोकाट फिरतोय असं आई तुम्हाला सांगत असेल. साफ खोटं. मी रिमोटवर उडणारी वेगवान विमानं बनवतोय. (कॉलेज का सोडलं ते परत विचारू नका. वर्कशॉपचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझं डोकं लवकर तापतं, आणि मी ते तिथल्या तिथं सिद्ध करून दाखवलं.) या नादाला मला लावलं संयोगितानं. तुमच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या राजवर्धन पाटलांची ती थोरली. माझ्याच वर्गात होती, ती अजून आहे. तिचं विमान माळावर वळण घेतं तेव्हा माझं काय होतं, ते मामांना लिहिण्यासारखं नाही.

तिचं म्हणणं, आधी सांगाडा निवडावा, पंख जाड की पातळ ते बघावं, वजन किती पेलेल ते बघावं, आणि मग त्याला मानवेल एवढंच इंजिन घ्यावं. शिकणाऱ्यानं तर जाड पंखाचं संथ विमान घ्यावं, म्हणजे चुकलं तरी सावरायला वेळ मिळतो. मला हे पटेना. संथच जायचं तर बाबांची स्कूटर काय वाईट आहे? मी आधी इंजिन आणलं, दुकानातलं सगळ्यांत दांडगं, सुरू केलं की गल्लीतली कुत्री घरमालकासकट बाहेर येतात असं. मग त्याला सांगाडा शोधत बसलो. फोमच्या सांगाड्याचं नाकच त्या दणक्यानं उखडलं. जाड पंखाचा थंडी वाजल्यासारखा थरथरू लागला. शेवटी हलक्या बाल्सा लाकडाचा, पातळ पंखाचा शर्यतीचा सांगाडा घेतला. तो बघून संयोगिता म्हणाली, "कृष्णा, तुझं पण असंच हाय बघ. इंजिन दांडगं, सांगाड्याचा पत्ता न्हाय." याचा मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी घरी येऊन पंखाच्या खालच्या अंगाला लाल रंगात तिचं नाव लिहिलं, डोक्यावरून जाताना तिला वाचता यावं म्हणून.

असं विमान पंखाखाली दोन बोटांवर तोललं की सरळ राहिलं पाहिजे. मी तसं तोलूनच ठेवलं होतं. पण रविवारी निघताना आईनं त्याला ओवाळलं आणि नव्या गाडीला बांधतात तसं शेपटीला लिंबू-मिरची बांधली. मला दिसत होतं, मामा. शेपटी जड झाली की विमान ऐकत नाही हे मला पाठ आहे. पण ते काढलं आणि नेमकं त्याच दिवशी काही विपरीत झालं तर? (एरवी माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. त्या दिवशी प्रश्न संयोगिताचा होता.)

माळावर विमान सोडलं मात्र, ते बिथरलेल्या घोड्यासारखं मागच्या पायांवर उभं राहिलं. संयोगिता ओरडली, "कमी कर! आरं, कमी कर की!" चारचौघांत ओरडली म्हणून माझं डोकं फिरलं आणि मी आणखी वेग दिला. विमान सरळ वर गेलं, उलटं झालं आणि माळाला लागून असलेल्या उसात शिरलं. ऊस राजवर्धन पाटलांचा. आत घुसून शोधलं, पानांनी तोंड ओरबाडून घेतलं, आणि हाताला लागली एक मिरची.

तेव्हापासून झोप नाही. आज ना उद्या पाणी पाजताना पाटलांना तो पंख दिसणार, त्यावर ठळक लाल अक्षरांत त्यांच्या लेकीचं नाव. बांध कोरला म्हणून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेला माणूस तो. मी काय, मार खाईन. पण तिचं कॉलेज बंद केलं तर?

बाकी क्षेम. मामींना नमस्कार, म्हशीची काळजी घ्यावी.

तुमचा भाचा,
कृष्णात

ता. क. : तुम्ही कारखान्याचे चिटबॉय. कुणाच्या उसाला तोड कधी लागणार हे तुमच्या हातात. पाटलांच्या फडाला आधी तोड द्या, मी टोळीबरोबर उसात शिरून विमान काढून आणतो. (कोयता कसा धरतात तेही कळवावं.)

आणखी ता. क. : वरचं राहू द्या. चिकटवलेलं पाकीट फाडून लिहितोय. आत्ताच संयोगिताचा फोन येऊन गेला. विमान पाटलांना कालच सापडलं. नाक मोडलंय, पंख शाबूत. "हे कुणाचं?" म्हणून ते गरजले, तर ही म्हणाली, "माझंच हाय की, आबा. नाव न्हाय व्हय दिसत?" आता लेकीनं विमान बनवलं म्हणून पाटील गावभर सांगत सुटलेत आणि येत्या रविवारी त्यांना ते उडताना बघायचंय. उडवणार ती. इंजिन बदलून लहान बसवायचं, तेही तिनंच निवडलंय. मी मेकॅनिक म्हणून जायचं, डोकं थंड ठेवून. मामा, एकट्याला धीर होत नाही. पाटील तुम्हाला मानतात, तुम्ही या. आणि जरा लवकरच या. फोन चालू असताना आई खोली झाडत होती, तिला वाटतंय लिंबाचा गुण आला. आता ती दोरा शोधतेय. नारळ बाजूला काढून ठेवलाय.