बारा ट्यूलिप

प्रिय आर्विद,

सून आली रे, डब्लिनहून! तिच्याशी बोलता यावं म्हणून हिवाळाभर मी इंग्रजीतलं एकच क्रियापद घोकत होते, ‘गेट’. इंग्रजी-लाटवियन कोशात त्याचे दीड पान अर्थ: मिळणं, आणणं, पोचणं, समजणं...

दार उघडलं, तर तिच्या हातात बारा ट्यूलिप! शेजारची बिरुता किंचाळली, “अगं बाई, सम संख्येत फुलं? ती तर मेलेल्यांना वाहतात!”

पोरीचा चेहराच पडला. मला त्या दीड पानातलं एक अक्षर आठवेल तर शपथ! सरळ तिचा हात धरला आणि तिला तुझ्या थडग्यापाशी आणलं. फुलं ठेवून ती चक्क लाटवियनमध्ये म्हणाली, “समजलं.” म्हणजे तीही तिकडे तेच पान घोकत होती!

घरात पाऊल टाकायच्या आधी सून तुला भेटली, आर्विद!

तुझीच,
वेल्ता