गारगोटीचं हाड

३ डिसेंबर

पोचले एकदाची वरवट बकालला! पुढच्या खोलीत प्रयोगशाळा, मागे मी. मालकीण रुखमाबाईंनी आल्याआल्या गरम भाकर नि ठेचा वाढला, जीव खूश. तौसिफ आमचा खोदकामाचा माणूस. विहिरीत निघालेलं हातभर लांब हाड त्यानं आणून ठेवलंय. ओरखडून चिमूटभर भुकटी काढायची, इन्फ्रारेड यंत्रात ठेवायची, की आत काय आहे ते आलेखात दिसतं. पहिला आलेख झकास: निव्वळ गारगोटी, प्रथिनाचा मागमूस नाही. हाडाचा पुरता दगड झालाय. अजून दोनदा तपासून असाच अहवाल ऑफिसात साहेबांकडे गेला की नोकरी कायम!

६ डिसेंबर

डोकं फिरलंय. आलेखात प्रथिन! ते ताज्या हाडात असतं, दगडात कुठून येणार? यंत्र पुसलं, पुन्हा तेच. शिवाय मी ओरखडून पाडलेली खाच गायब. म्हणजे कोणीतरी हाडच बदललं. प्रयोगशाळेची दुसरी चावी तौसिफकडे. एवढं गोड बोलतो, तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

७ डिसेंबर

फैलावर घेतलं त्याला. म्हणे, म्या काऊन बदलू मॅडम, मले काय भेटते त्यात? भोळेपणाचा आव नुसता! चावी काढून घेतली, साहेबांकडे तक्रार केली. नवी खाच पाडून हाड पेटीत घातलं. पेटी माझ्या खाटेखाली, कुलूप माझं.

९ डिसेंबर

कुलूप जसंच्या तसं. खाच मात्र भरून आलीय, जखम भरते तशी. प्रथिन वाढलंय. हाड हाताला ओलसर लागलं. मग तौसिफ— नाही, त्याचंच काहीतरी असणार. रुखमाबाई विचारत होत्या, पोरी, तुहा हात असा गार काऊन?

१० डिसेंबर

नखं कापताना नेलकटर मोडलं. नख घासून भुकटी यंत्रात ठेवली.

गारगोटी.

यंत्र बिघडलंय. बिघडलेलंच असू दे रे देवा.

११

साहेबांनी तौसिफला काढून टाकलं. तो चिडून येईल म्हणून आतून कडी घातली. आला— रुखमाबाईंनी दिलेला डबा घेऊन. उघडायला गेले. कडी सरकेना. बोटं वळतच नाहीत. पेन मुठीत अडकलंय म्हणून एवढं तरी—

त्याचा काही दोष नव्हता. सांगायचंय त्याला. जीभ हलत—

दार ठोकतोय. विचारतोय, मॅडम, तुमच्यासंगं आत कोन हाये? कोन सुसकारे टाकून राह्यलं?

मी नाही.

खाटेखाली पेटीचं कुलूप खटकन—